भंडारदरा-कळसूबाई बारमाही : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

भंडारदऱ्याला कधी जावं असं कुणालाही विचारा, उत्तर येतं: पावसाळ्यात. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. अकोले तालुक्याच्या या पश्चिम टोकाला पाणी जसं वागेल तसा सगळा मुलूख वागतो. धरण कधी भरतं, आवर्तन (शेतीसाठी पाळीने सोडलं जाणारं पाणी) कधी सुटतं, धुकं कधी हटतं, सांदण दरीतलं पाणी कधी ओसरतं, यावर तुम्हाला काय बघायला मिळणार ते ठरतं. म्हणून सुट्टीची तारीख आधी आणि ठिकाणांची यादी नंतर, असा बेत करू नका. काय पाहायचं ते आधी ठरवा आणि त्याच्या हंगामाला जा. एका फेरीत सगळं उरकायचा हट्ट सोडला की हा परिसर वर्षातून चार वेळा चार रूपांत भेटतो.

आधी मुलूख समजून घ्या

नकाशावर तलाव शोधा. तो नैसर्गिक नाही. रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा नदी शेंडी गावापाशी अडवून बांधलेल्या विल्सन धरणाचा हा जलाशय आहे, ब्रिटिश काळापासून आर्थर लेक म्हणून ओळखला जाणारा. धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. उंची सुमारे ८२ मीटर, साठा जवळपास ११ टीएमसी (अब्ज घनफूट). हे पाणी खालच्या प्रवरा खोऱ्यातल्या शेतीसाठी आवर्तनाने सोडलं जातं. त्यामुळे ऑगस्टमध्ये काठोकाठ दिसलेला तलाव मे महिन्यात कितीतरी मागे सरकलेला असतो. ‘फोटोत होता तसा तलाव दिसला नाही’ म्हणणारे बहुतेक जण उन्हाळ्यात गेलेले असतात.

तलावाच्या उत्तरेला कळसूबाईची रांग. कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. पायथ्याचं गाव बारी. याच रांगेत पुढे अलंग, मदन आणि कुलंग हे दुर्गम गड आहेत. तलावाच्या नैर्ऋत्य टोकाला रतनवाडी आणि तिच्यावर रतनगड. पश्चिमेला घाटघर आणि साम्रद, जिथे सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसतं. हरिश्चंद्रगड याच तालुक्यात, पण दक्षिणेला, पाचनई गावावर. तो भंडारदऱ्याच्या फेरीत जोडायचा मोह होतो. जोडू नका, त्याला स्वतंत्र दोन दिवस द्या.

या पट्ट्यातलं बरंचसं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. १९८६ साली ते घोषित झालं. बिबट्या, भेकर, रानडुक्कर, शेकरू इथे आहेत. याचा तुमच्यापुरता अर्थ असा की वनविभागाच्या नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती फाडावी लागते, ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि मनाला येईल तिथे तंबू ठोकून शेकोटी पेटवता येत नाही.

तलावाला वळसा घालणारा रस्ता शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी असा फिरतो. नवख्या माणसाने पहिल्या दिवशी हाच वळसा घ्यावा. अंतर फार नाही, पण थांबत, पाहत गेलं तर पूर्ण दिवस जातो आणि कोणती वाट कुठून चढते याचा डोक्यात पक्का आराखडा तयार होतो.

मे अखेर ते मध्य जून : काजवे

इथलं वर्ष काजव्यांपासून सुरू होतं असं मी मानतो. वळवाचे एकदोन शिडकावे झाले, हवेत दमटपणा आला की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा ठरावीक झाडांवर काजवे जमतात. अख्खं झाड एका लयीत उजळतं आणि विझतं. एका झाडाची लय शेजारच्या झाडापर्यंत सरकत जाते. हा प्रकाश म्हणजे नर-मादीचा संवाद आहे. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं, आणि त्यातच त्याला जोडीदार शोधायचा असतो. तुमच्या मोबाइलचा टॉर्च किंवा गाडीचा हेडलाइट पडला की तो संवाद तुटतो.

म्हणून हे पाळाच. गाडी मुक्कामाच्या जागीच ठेवा आणि चालत जा. पायापुरता उजेड हवा असेल तर टॉर्चला लाल कागद गुंडाळा आणि प्रकाश जमिनीवरच ठेवा. झाडाखाली शिरू नका, कारण माद्या आणि अंडी तिथल्याच गवतात, ओल्या मातीत असतात. पुढच्या वर्षीचे काजवे बुटाखाली चिरडले जातात. काजवा पकडून बाटलीत घालणाऱ्या मुलांना तिथल्या तिथे थांबवा. फोटोचं म्हणाल, तर फ्लॅश मारून काजवे येतच नाहीत. स्टँड आणि लांब एक्स्पोजर नसेल तर कॅमेरा खोलीत ठेवा आणि डोळ्यांनी बघा.

दिवस निवडताना पंचांग पाहा. पौर्णिमेच्या आसपास चांदण्यात काजवे फिके पडतात. अमावास्येच्या आगेमागे जा. शनिवार-रविवारी घाटघरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा मंगळवार-बुधवार साधता आला तर उत्तम. अभयारण्यात रात्री किती वाजेपर्यंत सोडतात ते वनविभाग हंगामानुसार ठरवतो. नाक्यावर आधी चौकशी करा. पांजरे, उडदावणे, मुरशेत ही गावं तलावाकाठची. राजूरच्या पलीकडचं पुरुषवाडी हे गाव पर्यटनाची घडी नीट बसवलेलं आहे आणि कुटुंबासोबत पहिल्यांदा जाणाऱ्याला तेच सोयीचं पडतं. मोठा पाऊस सुरू झाला की हा खेळ आटोपतो.

जून ते सप्टेंबर : पाऊस

घाटघर-रतनवाडीकडे काही वर्षी चार-पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो. तिथून पूर्वेला अकोले गावाकडे येता येता तो कितीतरी पटीने ओसरतो. त्यामुळे संगमनेरला ऊन आहे म्हणून घाटघरलाही असेल, असं धरून चालू नका. निघण्याआधी हवामान खात्याचा घाटमाथ्याचा इशारा पाहा. रेड अलर्ट असेल तर बेत रद्द करा. ऑरेंज असेल तर गड आणि ओढे सोडून द्या, फार तर शेंडीपर्यंत जा. अशा दिवसांत जिल्हा प्रशासन धबधब्यांवर आणि गडांवर मनाईचे आदेश काढतं, शनिवार-रविवारी तलावाभोवती एकेरी वाहतूकही करतं. हे आदेश त्रास द्यायला नसतात. दर पावसाळ्यात सह्याद्रीत माणसं वाहून जातात.

पावसाळ्यात पाहायचं काय? जून-जुलैमध्ये भाताच्या रोपांची आवणी. गुडघाभर चिखलात, इरली किंवा प्लास्टिकचे कागद पांघरून लोक खाचरात वाकलेले असतात. रस्त्यावरून बघा, बांध तुडवू नका आणि विचारल्याशिवाय बायांचे फोटो काढू नका. जुलैपासून कड्यावरून असंख्य धबधबे उतरतात. रतनवाडीच्या वाटेवर तर प्रत्येक वळणावर एक असतो. धरण साधारण ऑगस्टच्या मध्याला भरतं. धरणाच्या भिंतीजवळचा अंब्रेला फॉल मात्र पावसाच्या मर्जीवर चालत नाही. धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं की ते गोलसर खडकावर पडून छत्रीसारखं पसरतं. पाणी बंद, की फॉलही बंद. खाली प्रवरेवरचा रंधा धबधबाही धरणातल्या विसर्गावर अवलंबून असतो. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून ‘पाणी सोडलंय का?’ एवढं विचारून घ्या. निम्मी निराशा तिथेच टळते.

रंध्यावर कठड्याच्या आतच राहा. भंडारदऱ्याच्या तलावातही पोहायला उतरू नका. काठ उताराचा आणि गाळाचा आहे, दोन पावलांत खोली बदलते. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज बदलला, तर वर जोराचा पाऊस झालेला असतो. वस्तू गोळा करत बसू नका, काठावर चढा.

घाटघरच्या कोकणकड्यावर जुलैत बहुतेक वेळा पांढऱ्या धुक्याशिवाय काहीच दिसत नाही. तासभर थांबायची तयारी असेल तर मधूनच वारा धुकं फाडतो आणि खालची दरी क्षणभर उघडते. त्या क्षणासाठी कड्याच्या टोकावर उभं राहायची गरज नाही. तिथला ओला दगड शेवाळलेला असतो आणि वारा माणसाला ढकलतो. गाडी चालवताना धुक्यात पिवळे दिवे किंवा लो बीम लावा. हाय बीमने समोर पांढरी भिंतच उभी राहते.

कपड्यांबद्दल थोडक्यात: जीन्स नको, ती दोन दिवस वाळत नाही. घट्ट पकड असलेले बूट, एक जादा कोरडा जोड आणि सगळं सामान आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. पावसात कारवीच्या फांद्यांवर हिरवा चापडा साप बसलेला असतो, पानांत मिसळून जाणारा. फांदी धरून चढायची सवय असेल तर आधी बघा, मग हात घाला.

मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर : फुलं

मला एकच हंगाम निवडायला सांगितलं तर हा. पाऊस सरी-सरींवर आलेला, तलाव भरलेला, हवा धुतलेली, आणि पठारांवर पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, कवला. रतनगडाचा माथा या दिवसांत पिवळा होतो. कारवी मात्र दरवर्षी फुलत नाही. तिचा सामूहिक बहर सात वर्षांनी येतो. ‘या वर्षी कारवी आहे’ अशी बातमी कानावर आली तर ती कोणत्या गडावरची आहे ते विचारा, कारण सगळ्या डोंगरांचं वर्ष एक नसतं.

नवरात्रात कळसूबाईवर जत्रा भरते. आजूबाजूच्या गावांतली माणसं श्रद्धेने चढून येतात. शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा. लोकांची कळसूबाई बघायची असेल तर मुद्दाम त्याच दिवसांत जा. देवळात शिरताना बूट बाहेर काढा. ऑक्टोबरअखेर भाताची कापणी सुरू होते आणि खाचरं सोनेरी दिसतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : गड आणि सांदण

चढाईसाठी हेच महिने. कळसूबाईला बारीतून तीन ते चार तास लागतात. वाट ठसठशीत आहे, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. पण चढ सलग आहे आणि नवख्यांना पहिला तास जड जातो. पहाटे निघा, सावकाश चाला, माणशी निदान दोन लिटर पाणी घ्या. रात्रीची चढाई करून माथ्यावर सूर्योदय पाहणारे पुष्कळ आहेत. पहिल्यांदा जात असाल तर उजेडातच चढा. शिड्यांचा अंदाज दिवसा घेतलेला बरा.

रतनगडासाठी रतनवाडीतून निघा. गावातलं अमृतेश्वराचं काळ्या दगडातलं जुनं शिवमंदिर आणि जवळची पुष्करणी आधी निवांत पाहा. खांबांवरचं कोरीव काम घाईत दिसत नाही. गडाची उंची १२९७ मीटर. जंगलातून चढणारी वाट शेवटी शिड्यांवर येते. वर खडकाला आरपार पडलेलं भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. नेढ्यात बसलं की वारा अंगातून जातो आणि अलंग-मदन-कुलंगपासून कळसूबाईपर्यंतची रांग समोर येते. उतरायची वेळ आधीच ठरवा. जंगलाच्या टप्प्यात अंधार लवकर होतो आणि वाटेला फाटे आहेत. गावातला वाटाड्या घ्या. त्याला वाट तर माहीत असतेच, पण कुठल्या झाडावर शेकरूचं घरटं आहे तेही माहीत असतं.

सांदण दरी साम्रदपासून सुरू होते. दोन्ही बाजूंना उभ्या कातळभिंती, मधे अरुंद फट, तळाला मोठमोठे धोंडे. सुरुवातीलाच पाण्याची डबकी लागतात. पहिलं उथळ, दुसरं जास्त खोल. पावसाळ्यात ही घळ म्हणजे पाण्याची वाटच असते, तेव्हा तिथे जायचंच नाही. डिसेंबरपासून पुढे पाणी कमी होतं. नवख्यांनी डबकी ओलांडून दरी उघडते तिथपर्यंत जावं आणि त्याच वाटेने परतावं. तिथून पुढे दोर लावून उतरत कोकणात जायचं ते अनुभवी गटासोबतच. धोंड्यांवरून चालताना गुडघ्यांची परीक्षा होते, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना साम्रदच्या पठारावरच बसवा. तिथूनही कड्यांचं दर्शन उत्तम होतं.

अलंग-मदन-कुलंग हे नाव ऐकून खुळावू नका. अलंग आणि मदनवर दोराशिवाय जाता येत नाही.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथे चांगल्याच गार असतात. तलावाकाठी पहाटे कानटोपी, स्वेटर, हातमोजे लागतात. त्या बदल्यात आकाश मिळतं. अमावास्येच्या रात्री शेंडीचे दिवे मागे टाकून घाटघरच्या बाजूला गेलात तर आकाशगंगेचा पट्टा साध्या डोळ्यांनी दिसतो.

मार्च ते मे : उन्हाळा

दिवसा तापतं. चढाई सकाळी दहाच्या आत संपवा. गवत वाळलेलं असतं, एका विडीने डोंगर पेटतो. वणवा दिसला तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर लगेच कळवा. करवंदं, जांभळं, आंबे याच दिवसांत. तलाव आटतो, बुडालेला काठ उघडा पडतो. धरण उशाशी असूनही वरच्या वाड्यांना या दिवसांत पाण्यासाठी पायपीट करावी लागते. तेव्हा मुक्कामाच्या घरी बादलीभर पाण्यात भागवा.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

मुंबईहून रेल्वेने कसारा किंवा इगतपुरी गाठा. कसाऱ्याहून किंवा घोटीहून जीप मिळतात. एसटीही आहे, पण गाड्या मोजक्या, तेव्हा परतीची शेवटची गाडी कधीची ते उतरतानाच कंडक्टरला विचारा. स्वतःच्या गाडीने मुंबई-नाशिक महामार्गावर घोटीला वळायचं. तिथून बारी आधी लागते, मग शेंडी. नाशिकहूनही हाच घोटीचा रस्ता. पुण्याहून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर असं या, किंवा संगमनेर-अकोलेमार्गे. इंधन घोटी किंवा अकोल्यातच भरून घ्या. रोख पैसेही तिथेच काढा, कारण घाटघर-साम्रदकडे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही आणि रेंज नसेल तर क्यूआर कोडचा उपयोग शून्य. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा.

राहण्यासाठी शेंडीत एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) निवासस्थान आणि बरीच हॉटेलं आहेत. पण निदान एक रात्र रतनवाडी, साम्रद किंवा उडदावण्यात गावातल्या घरी राहा, असं मी आग्रहाने सांगेन. ही गावं मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची आहेत. जेवणात नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. स्वयंपाक चुलीवर होतो, तेव्हा किती माणसं येणार ते आदल्या दिवशी फोनवर सांगा आणि सांगितलेले आकडे पाळा. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणी जपली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. इथला काळभात किंवा जिरवेल तांदूळ मिळाला तर थेट शेतकऱ्याकडून घ्या. देवगाव हे राघोजी भांगरे यांचं गावही याच तालुक्यातलं. इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या राघोजींना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. यजमानाला त्यांच्याबद्दल विचारा, रात्रीच्या गप्पांना विषय पुरतो.

रात्री मोठ्याने गाणी लावू नका. दारू पिऊन तलावाकाठी जाणाऱ्यांमुळे इथल्या लोकांना फार त्रास झाला आहे, आणि नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. कचऱ्याची पिशवी सोबत ठेवा आणि भरलेली पिशवी घोटी किंवा अकोल्यापर्यंत परत न्या. वाड्यांवर कचरा उचलायला गाडी येत नाही.

पहिल्या भेटीचा दोन दिवसांचा बेत

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आठवड्याच्या मधल्या वारी. पहिल्या दिवशी सकाळी शेंडीत पोचा, धरणाचा परिसर पाहा आणि तलावाचा वळसा सुरू करा. दुपारपर्यंत घाटघर, ऊन कललं की साम्रद, दिवेलागणीआधी रतनवाडीत मुक्काम. सायंकाळी अमृतेश्वर. दुसऱ्या दिवशी सहाला वाटाड्यासोबत रतनगडावर, दुपारी दोनपर्यंत खाली, जेवण, आणि मुतखेलमार्गे शेंडी. कळसूबाई या बेतात घालू नका; सलग दोन दिवस दोन डोंगर चढून नवखा माणूस दोन्हीकडे फक्त पायांकडे बघत राहतो.

आजारपण किंवा पडझड झाली तर १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस. रेंज नसेल तर सगळ्यात जवळच्या वाडीकडे माणूस पाठवा, जखमीला एकटं सोडू नका. गडावर जाण्याआधी मुक्कामाच्या घरी तुमची वाट, माणसांची संख्या आणि परतायची वेळ सांगून ठेवा, आणि खाली उतरलात की पोचल्याचंही कळवा. वेळेत आला नाहीत तर शोधायला तीच माणसं निघणार असतात.